केरी तीन, नकाशा एक

गेल्या अंकात मी जाता जाता एका ओळीत लिहिलं होतं की ऑनलाइन नकाशावर आपल्या गावची माहिती आपली आपण चढवता येते, आणि त्या एका ओळीवरून चवथीच्या सुट्टीत एवढे मेसेज आले की ह्यावेळचं अख्खं सदर नकाशालाच द्यावं लागतंय. बऱ्याच जणांनी विचारलंय, लेयर म्हणजे नेमकं काय ओ? चवथीला गणपतीवर टांगतात ती माटोळी डोळ्यांसमोर आणा. लाकडी चौकट दरवर्षी तीच असते, तिला काय बांधायचं ते तुमच्या घरचं, तुमच्या रानातलं. रस्ते, नद्या, गावांची नावं ही गूगलची किंवा ओपनस्ट्रीटमॅपची (लोकांनी मिळून बनवलेल्या मोकळ्या नकाशाची) चौकट, तिच्यावर तुम्ही बांधता तो लेयर. आणि तो लेयर आतून उघडून बघितला तर बहुतेक वेळा एक साधं टेबल निघतं, ज्यात दोन कॉलम जागेचे आकडे सांगतात आणि बाकीचे तुमची माहिती. एवढं डोक्यात ठेवून खालचे प्रश्न वाचा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. दोन उन्हाळे मुलांना घेऊन आमच्या गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या झरी, बांयी, तळी अशी ६३ ठिकाणं रजिस्टरात नोंदवली. नातवाने ती एक्सेलमध्ये टाइप करून गूगल माय मॅप्सवर चढवली तर काही ठिकाणं गोव्यात दिसतच नाहीत, काही पेडण्यात समुद्राकाठी गेली, दोन-तीन फोंड्यात, आणि जी जागेवर आहेत त्यांच्या नावाच्या ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं. रजिस्टर चुकलं की नातू?
*(एक वाचक, केरी-सत्तरी)*

उत्तर : गुरुजी, तुम्ही फाइल पाठवलीत ते फार बरं केलंत, नाहीतर मी अंदाजानेच बोललो असतो. रजिस्टर जवळजवळ ठीक आहे आणि नातूसुद्धा. घोळ चार वेगवेगळे आहेत, ते एकाच वेळी आल्यामुळे मोठे वाटतायत.

पहिला घोळ तुमच्या गावाच्या नावाचा. नातवाने जिथे आकडे नव्हते तिथे पत्त्याच्या कॉलममध्ये ‘केरी, गोवा’ एवढंच लिहिलंय आणि नकाशाला सांगितलंय की ह्यावरून जागा शोध. आता गोव्यात केरी किती? तुमची सत्तरीतली, तेरेखोलच्या तोंडाजवळची पेडण्यातली, आणि फोंड्यातली विजयादुर्गेची. नकाशाला जी पहिली सापडली तिथे त्याने टाचणी मारली. आपल्याकडे पत्ता सांगायची पद्धत म्हणजे अमुक वाड्यावर कपेलाच्या मागे, घर नंबर अमुक बाय अ, आणि घर नंबर प्रत्येक वाड्याला पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा पत्त्यावरून जागा शोधणं हे मुंबईच्या रस्त्यांवर चालत असेल, आपल्याकडे झरीसाठी तर अजिबात नाही. सरळ आकडेच घ्या, अक्षांश आणि रेखांश.

दुसरा, गोव्यात न दिसणारी ठिकाणं. नकाशा झूम आउट करून उत्तरेला बघा, ती सगळी नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या गार समुद्रात पडली आहेत, कारण तेवढ्या ओळींत अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालीय. आपला अक्षांश साधारण १४.९ ते १५.८ आणि रेखांश ७३.६ ते ७४.४. उलटं लिहिलं की अक्षांश ७४ होतो आणि तुमची झर अस्वलांच्या देशात. मी शीटमध्ये एक सोपी युक्ती करतो, ह्या हद्दीबाहेरचा आकडा आला की शीटमधलं ते घर (सेल) लाल रंगाचं व्हावं असा नियम लावून ठेवतो, म्हंजे नकाशावर जाण्याआधीच चूक डोळ्यांत भरते. आणखी एक गंमत, काही ओळींत दोन्ही आकडे शून्य असले तर ते आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जातात, तिथे जगभरातल्या विसराळू लोकांच्या टाचण्या जमा झालेल्या असतात.

तिसरा घोळ जरा लपलेला आहे आणि तो रजिस्टरातला आहे, रागावू नका. पहिल्या उन्हाळ्यात तुमच्या मुलांनी जुन्या पद्धतीने अंश, मिनिटं, सेकंद असं लिहिलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात दशांशात. १५ अंश ३६ मिनिटं ४५ सेकंद हे नातवाने १५.३६४५ असं टाइप केलं. ते तसं होत नाही. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने, आणि अंशात मिळवा, १५ अधिक ०.६ अधिक ०.०१२५, झाले १५.६१२५. दोन आकड्यांत फरक दिसतो पाव अंशाचा, पण एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा तुमची झर सत्तावीस किलोमीटर दक्षिणेला सरकून धारबांदोड्याच्या बाजूला गेली. ही चूक वाईट अशी की ती गोव्याच्या आतच राहते, लाल होत नाही, कुणाला कळतही नाही. पहिल्या उन्हाळ्याच्या सगळ्या ओळी एकदा तपासा, मिनिटांचा आकडा ६० च्या वर कधीच जात नाही, म्हणून ज्यांच्यात दशांशानंतरचे दोन आकडे कायम ५९ च्या आतच आहेत त्यांच्यावर संशय घ्यायचा.

चौथा प्रश्नचिन्हांचा. एक्सेलमधून नुसतं सीएसव्ही (टेबलाची साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केलं की देवनागरी गळून पडते. सेव्ह करताना यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय असतो तो निवडायचा, किंवा सीएसव्हीच्या भानगडीत न पडता एक्सेलची फाइल तशीच चढवायची, माय मॅप्स ती घेतो. नावं युनिकोडमध्ये टाइप केलेली असली पाहिजेत हे मात्र नक्की. कुणी जुन्या डीटीपीच्या फॉन्टात टाइप करून दिलं असेल तर कॉम्प्युटरवर छान मराठी दिसेल आणि नकाशावर कावळ्याचे पाय. आणि अजून एक, आकडे इंग्रजीतच टाका. हे सदर देवनागरी आकड्यांत छापलं जातं म्हणून तुम्ही १५.६१२५ असंच्या असं शीटमध्ये घातलंत तर बहुतेक प्रोग्रॅम त्याला आकडा मानतच नाहीत, अक्षरं समजतात.

आता हे सगळं नीट झालं असं धरू. मग माय मॅप्समध्ये नवा नकाशा, इम्पोर्ट, फाइल दिली की तो दोनच गोष्टी विचारतो, जागा कुठल्या कॉलममधून घेऊ आणि टाचणीचं नाव कुठल्या कॉलममधून. मग स्टाइलमध्ये जाऊन ‘प्रकार’ ह्या कॉलमवरून रंग द्या, झर निळी, बांय तपकिरी, तळी हिरवी. तुमच्या रजिस्टरात ‘मे महिन्यात पाणी होतं का’ हा जो कॉलम आहे ना, गुरुजी, खरं सोनं तिथे आहे. त्याच्यावरून रंग देऊन बघा आणि ग्रामसभेत दाखवा. नुसत्या झरी कुठे आहेत हे गावाला माहीतच असतं, कुठल्या आटायला लागल्यात हे एका नजरेत कुणी दाखवलेलं नसतं.

पण एक सांगून ठेवतो. माय मॅप्समध्ये शीट एकदा आत घेतली की तिची प्रत बनते, नंतर तुम्ही शीटमध्ये काही बदललंत तर नकाशा आपोआप बदलत नाही. पुन्हा इम्पोर्ट करून जुन्यात मिसळायचा पर्याय आहे, तो वापरा. आणि दुरुस्ती नेहमी शीटमध्ये करा, नकाशावर टाचणी ओढून कधीच नाही. हे मी शहाणपणाने नाही, मार खाऊन सांगतोय. पूर्वी मी एका कचेरीत होतो तेव्हा त्यांच्या ईमेल खात्यावरून फोंडा महालातल्या तळ्यांचा नकाशा केला होता, सगळी दुरुस्ती थेट नकाशावर, शीट कुठली आणि काय, म्हटलं नकाशा आहे ना. नोकरी सोडली, त्यांनी नियमाप्रमाणे खातं बंद केलं, खात्याबरोबर नकाशा गेला. माझ्याकडे उरला एक स्क्रीनशॉट. तेव्हापासून नकाशा भाड्याचा आणि वही घरची असं मी धरून चालतो. तुमचं ते हिरव्या बाइंडिंगचं रजिस्टर तर जपून ठेवाच.

प्रश्न : आमच्या बांधाला दर पावसात कुठे ना कुठे भगदाड पडतं. आम्ही काही जणी मिळून बांध, मानशी (बांधातली दारांची मोरी) आणि कुठे फुटला होता ते नकाशावर दाखवायचं म्हणतोय, म्हणजे अर्ज करताना तोंडी सांगायला नको. टाचण्या जमल्या, पण बांध ही रेघ आहे आणि खाजन (बांधाच्या आतली शेतजमीन) हा तुकडा, ते कसं काढायचं? आणि सगळ्यांना आपापल्या फोनवरून भरता येईल का?
*(एक वाचक, चोडण)*

उत्तर : ताई, बांध काढायचा सगळ्यात खरा मार्ग म्हणजे बांधावरून चालत जाणं. फोनवर ओएसएमअँडसारखं ॲप घ्या, त्यात ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करा आणि बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. जीपीएसला रेंज लागत नाही, फक्त उघडं आकाश लागतं, आणि खाजनात आकाशाला काय तोटा. फोनची अचूकता अशा मोकळ्या जागी पाच मीटरच्या आसपास मिळते, आपल्या कामाला पुष्कळ झाली. चालताना एकच पथ्य, मध्ये थांबायचं असेल तर रेकॉर्डिंग थांबवा. मानशीवर कुणी नुस्तं (मासे) धरणारा भेटला आणि तुम्ही दहा मिनिटं बोलत उभ्या राहिलात तर तेवढ्या वेळात फोन स्वतःच इकडेतिकडे हललोय असं समजून तिथे रेघेचा गुंता करून ठेवतो. ट्रॅक जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढा, ती माय मॅप्सही घेतो आणि यूमॅपही.

तुमच्या कामाला मी यूमॅप सुचवीन. तो फ्रान्समधल्या ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांनी सुरू केलेला आहे, फुकट आहे, लॉगिन न करताही नकाशा बनतो. मात्र लॉगिन नसेल तर तो एक गुप्त एडिट लिंक देतो, ती त्याच क्षणी कुठेतरी लिहून ठेवा, ती हरवली की तुमचा नकाशा तुम्हालाच बदलता येत नाही. खाजनाचा तुकडा हातानेच काढावा लागेल, सॅटेलाइट चित्र मागे ठेवून कडेने टिंबं मारत जायचं. आता इथे जरा सावध, ते चित्र कुठल्या महिन्यातलं आहे ते बघा. पावसातलं असेल तर भात आणि पाणी वेगळं काढता येत नाही, उन्हाळ्यातलं असेल तर पोंय (खाजनातली पाणी साठायची जागा) आटलेली दिसते आणि तुम्ही ती शेतातच धरून टाकाल. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं मागे जाऊन बघता येतात, कुठलं भगदाड कुठल्या वर्षी नव्हतं हे त्यात कधीकधी स्पष्ट दिसतं, आणि अर्जाला जोडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

लेयर तीन ठेवा. बांधाची रेघ एका लेयरमध्ये, मानशी टिंबांनी दुसऱ्यात, भगदाडं तिसऱ्यात. भगदाडाच्या लेयरमध्ये ‘फुटल्याची तारीख’ आणि ‘बुजवल्याची तारीख’ असे दोन कॉलम करा आणि बुजवलं म्हणून टिंब पुसू नका, कारण एकाच जागी चार वर्षांत तीन टिंबं दिसली की सांगायला शब्द लागत नाहीत. मानशीला दारं किती, त्यातली किती कुजलीत, हेही लिहा. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटलं पाहिजे आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर गेलं पाहिजे, ते होतंय का एवढा साधा हो-नाही कॉलम पुरे. मला वाटतं बांधापेक्षा मानशींचीच हयगय जास्त होते, पण ते असो.

सगळ्या जणींना थेट नकाशावर हात घालायला देऊ नका. एकीच्या बोटाने रेघ सरकली तर कुणाची सरकली ते शोधत बसाल. त्यापेक्षा गूगल फॉर्म करा, त्यात जागा, तारीख, फोटो आणि नाव, सगळं एका शीटमध्ये पडतं, महिन्यातून एकदा एकीने तपासून नकाशावर चढवायचं. फोटोबद्दल एक लक्षात ठेवा, फोनने काढलेल्या फोटोच्या आत जागेचे आकडे दडलेले असतात, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर. पण तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते आकडे गळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतात. तुमच्या ग्रुपवर हे ठळक अक्षरात पिन करून ठेवा. आणि बांधावर पाणमांजरांची बिळं दिसली तर ती जागा सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर टाकू नका, तेवढं एक ठिकाण वहीतच राहू दे.

प्रश्न : गोव्यातल्या जत्रांचा नकाशा करतोय. प्रत्येक महिन्याचा एक लेयर अशी कल्पना होती, चैत्र ते फाल्गुन. माय मॅप्समध्ये दहा झाले आणि पुढे बटणच चालेना. पैसे भरून वाढवून मिळतात का?
*(एक वाचक, म्हार्दोळ)*

उत्तर : मर्यादा दहाचीच आहे, आणि तुमच्याकडे महिने बारा, अधिक आला तर तेरा! पण खरं सांगू, इथे तुम्हाला बारा लेयर लागतच नाहीत. महिना हा लेयर नाही, महिना हा कॉलम आहे. सगळ्या जत्रा एका लेयरमध्ये, एका लेयरला २,००० ठिकाणांपर्यंत मुभा आहे, आणि ‘मास’ कॉलमवरून रंग द्या. लेयर वेगळा करायचा तो वस्तूच वेगळी असेल तेव्हा, म्हंजे जत्रा एका लेयरमध्ये, पार्किंगच्या जागा दुसऱ्यात, पालखीचा मार्ग तिसऱ्यात.

तारीख मात्र दोन कॉलमांत लिहा. एकात तिथी, जी बदलत नाही, लईराईची वैशाख शुद्ध पंचमी, मंगेशीची माघ पौर्णिमा, कवळ्याच्या शांतादुर्गेची माघ शुद्ध पंचमी. दुसऱ्यात त्या वर्षीची इंग्रजी तारीख, जी दरवर्षी पंचांग काढून नव्याने भरायची. नुसती इंग्रजी तारीख लिहून ठेवलीत तर पुढल्या वर्षी कुणीतरी मुंबईहून गाडी करून रिकाम्या देवळात येईल आणि शिव्या तुम्हाला पडतील. आणि टाचणी देवळाच्या शिखरावर न मारता गाडी जिथपर्यंत जाते तिथे मारा असं माझं मत आहे, शुद्धतावाद्यांना पटणार नाही, पण रात्री अकराला काला बघायला येणाऱ्या माणसाला शिखर नको असतं, वाट हवी असते.

प्रश्न : पंचायतीच्या कामासाठी सर्व्हे नंबरांची यादी करून नकाशाला जोडायची होती. यादीत १२/५ टाइप केलं की १२-मे होतं! काही नंबर बदलतात, काही बदलत नाहीत. व्हायरस आहे का?
*(एक पंच, बार्देश)*

उत्तर : व्हायरस नाही, पंच साहेब, एक्सेलचा आगाऊपणा आहे. तिरकी रेघ दिसली की त्याला तारीख वाटते. १२/५ म्हणजे १२ मे, ७/३ म्हणजे ७ मार्च, पण ११२/४ अशी तारीख नसते म्हणून तो गप्प बसतो. म्हणूनच अर्धी यादी बरोबर दिसते आणि चूक लवकर कळत नाही. टाइप करायच्या आधी तो कॉलम निवडून त्याला टेक्स्ट करा. नंतर केलंत तर १२/५ परत येत नाही, ४५७८९ असा काहीतरी आकडा येतो, कारण आत त्याने केव्हाच तारखेचा हिशोब करून ठेवलेला असतो. आणि टेक्स्ट म्हणून नीट सेव्ह केलेली सीएसव्ही पुन्हा डबल क्लिक करून उघडलीत की परत तोच खेळ, म्हणून ती डेटा मेनूतून इम्पोर्ट करून उघडा आणि तिथे कॉलम टेक्स्ट आहे असं सांगा. मी तर १२/५ ऐवजी १२-०५ पण लिहून बघितलं, तेही तारीख होतं! शेवटी सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा असे दोन वेगळे कॉलमच केले, तेव्हा कुठे सुटलो.

एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावरची कुळांची आणि भाटकारांची नावं त्याच शीटमध्ये असतील तर ती उघड नकाशावर जाऊ देऊ नका. शीटची एक प्रत काढा, नावांचा कॉलम उडवा, ती प्रत चढवा. माय मॅप्समध्ये टाचणीवर क्लिक केलं की सगळे कॉलम दिसतात, तुम्ही रंगासाठी एकच वापरलात तरी.

प्रश्न : आमच्या कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) जुना, पोर्तुगीज काळातला नकाशा स्कॅन केलाय. तो आजच्या नकाशावर अंथरता येईल का?
*(एक वाचक, सासष्टी)*

उत्तर : येतो, आणि फार मजा येते. क्यूजीआयएस नावाचा फुकट प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घ्या, त्यात जिओरेफरन्सर आहे. जुन्या चित्रावर एक जागा दाखवायची, मग आजच्या नकाशावर तीच जागा दाखवायची, असं किमान चार ठिकाणी, पण मी तरी दहाबारा घेतो आणि ती कोपऱ्या-कोपऱ्यांत पसरून घेतो. जागा निवडताना इगर्जीचा कोपरा, क्रूस, दगडी पूल, जुन्या रस्त्यांचा तिठा असलं काहीतरी घ्या. नदीचा काठ घेऊ नका, तो हलतो. वडाचं झाड घेऊ नका, तेही बहुतेक हललेलं असतं, म्हणजे तोडून दुसरीकडे लावलेलं. देऊळ घेताना विचारा की जीर्णोद्धारात जागा बदलली का.

स्कॅन चांगला सपाट हवा. मोबाइलने वरून काढलेला फोटो कडांना वाकतो आणि मग काही केल्या बसत नाही. बसवून झालं की पारदर्शक करून खालचा सॅटेलाइट दिसेल एवढं ठेवा. घाईत एकदा बघायचंच असेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये इमेज ओव्हरले टाकून हाताने ओढूनताणून बसवता येतं, तोही २०१५ पासून फुकट आहे.

पण हे चित्र हद्दीच्या भांडणात पुरावा म्हणून नेऊ नका. आपण ओढून बसवलेल्या रेघेत दहा-वीस मीटर इकडेतिकडे सहज होतं, आणि गोव्यात दहा मीटरवरून भावा-भावांच्या पिढ्या कोर्टात गेल्यात. नकाशातल्या रंगांवरून रस्त्यावर उतरलेली माणसं आपण, रिजनल प्लॅन २०११ (जमीन-वापराचा सरकारी आराखडा) मागे घ्यायला २००७ साली ह्याच लोकांनी भाग पाडलं होतं, तेव्हा नकाशा किती तापू शकतो हे मी वेगळं सांगायला नको.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लीफलेटवर स्वतःची वेबसाइट करतोय. तालुक्यांचा जिओजेसन टाकला तर काहीच दिसत नाही, कधी दिसतो तर भलतीकडे. सर, प्लीज लवकर सांगा, सबमिशन आहे.
*(एक विद्यार्थी, फर्मागुडी)*

उत्तर : मासिकाच्या सदराला लवकर सांगा म्हणणारा तू पहिलाच! मेल केला होता, इथे बाकीच्यांसाठी. लीफलेटमध्ये (वेबपेजवर नकाशा दाखवणाऱ्या कोडमध्ये) जागा देताना आधी अक्षांश मग रेखांश, पण जिओजेसनच्या (नकाशाचे आकार साठवणाऱ्या फाइलच्या) आत आधी रेखांश मग अक्षांश. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकमेकांच्या उलट. तू जिओजेसनमधले आकडे उचलून तसेच मार्करला दिलेस, म्हणून ते वर गुरुजींच्या झरींजवळ जाऊन बसले.

तालुके का दिसत नाहीत त्याचं कारण वेगळं. फाइल उघडून आकडे बघ. पहिला साडेतीन-चार लाखांच्या घरात आणि दुसरा सतरा लाखांच्या आसपास असेल तर ते अंश नाहीत, मीटर आहेत, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर ह्या पद्धतीतले. क्यूजीआयएसमधून पुन्हा एक्स्पोर्ट करताना ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशातले अक्षांश-रेखांश, निवड. आणि बाराही तालुक्यांची फाइल १८ एमबी कशाला? दशांशानंतर पाच आकडे ठेव, तेवढ्यात मीटरभर अचूकता येते, पंधरा आकडे ठेवून तू अणू मोजणार आहेस का. मग मॅपशेपर नावाच्या प्रोग्रॅममधून रेघा सोप्या कर, तो शेजारी-शेजारी तालुक्यांची सामाईक हद्द एकच मानून सोपी करतो, म्हणून मध्ये फटी पडत नाहीत. नाहीतर डिचोली आणि सत्तरीच्या मध्ये बारीक बारीक परके देश तयार होतात. एचटीएमएल फाइल नुसती डबल क्लिक करून उघडलीस तर ब्राउझर शेजारची जिओजेसन वाचू देत नाही, पायथनचा एका ओळीचा सर्व्हर चालव. खाली कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय दिसलं पाहिजे, ते लपवून मार्क मिळवू नको. आणि गूगलवरून बघून बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नावं भरायची नाहीत, ते त्यांच्या नियमात बसत नाही, स्वतः जाऊन बघितलेलं भरायचं.

प्रश्न : नकाशा तयार आहे, पण आमच्याकडे डोंगरात रेंजच नाही. तिथे पोचल्यावर उघडतच नाही, मग काय उपयोग?
*(एक वाचक, काणकोण)*

उत्तर : माय मॅप्सचा नकाशा ऑफलाइन चालत नाही, त्याच्या मागे लागू नका. तीन टिंबांच्या मेनूतून तो केएमएल किंवा केएमझेड (नकाशाच्या फाइलचे प्रकार) म्हणून डाउनलोड करा, आणि ऑरगॅनिक मॅप्स नावाचं फुकट ॲप घेऊन घरी वायफायवर असतानाच त्यात गोवा उतरवून घ्या. मग ती केएमएल फाइल त्या ॲपमध्ये उघडली की तुमच्या टाचण्या फोनमध्येच राहतात, रेंज असो नसो. घट्ट रानात किंवा कुळागरात शिरण्याआधी उघड्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून जीपीएसला जागा धरू द्या, माडा-पोफळींखाली गेल्यावर ते बावचळतं. पावसात जाणार असाल तर बॅटरीचा भरवसा नको, नकाशाचा ए-थ्री प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्या, आणि त्याच्या मागल्या बाजूला शीटमधली नावं आणि आकडे छापा, बॅटरी असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये ते घालून जागा सापडते. एक जास्तीचा प्रिंट देवळाच्या मंडपात लावून बघा, आमच्याकडे लावला तेव्हा दोन दिवसांत म्हाताऱ्यांनी बॉलपेनने पाच नावं सुधारली.